कशाच्या जागी?

"कोणतं तेल चांगलं?" असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, "कशाच्या जागी?" विचारणारा जरा वैतागतो. त्याला एक नाव हवं असतं, आणि मी उगाच फाटे फोडतेय असं त्याला वाटतं. पण या दुसऱ्या प्रश्नाशिवाय पहिल्याला उत्तरच नाही. तूप लोण्याच्या जागी घेतलं तर रक्ताच्या चाचणीत फारसा फरक पडणार नाही. ऑलिव्ह तेलाच्या जागी घेतलं तर एलडीएल (रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारे, 'वाईट' म्हटले जाणारे कण) चढेल. साखर-मैद्याच्या जागी घेतलं तर हृदयविकाराच्या धोक्याचं गणित जवळपास जिथल्या तिथे राहील. वस्तू तीच, चमचा तोच, उत्तरं तीन.

हे डोक्यात नीट बसायला मला मेदाचं रसायन वाचावं लागलं, आणि वाचताना तीन आकड्यांपाशी मी अडकले. स्टिअरिक, ओलिक आणि लिनोलिक ही तीन मेदाम्लं. तिन्हींत कार्बनचे अणू 18च. पण स्टिअरिक वितळतं 69 अंश सेल्सियसला, ओलिक 13 अंशांच्या आसपास आणि लिनोलिक उणे 5 ला. स्टिअरिकच्या साखळीत सगळे कार्बन एकेरी बंधांनी जोडलेले असतात, त्यामुळे ती सरळ. ओलिकमध्ये मधोमध एक दुहेरी बंध असतो आणि तिथे साखळी वाकते. लिनोलिकमध्ये असे दोन बंध, म्हणून दोन वाकणं. सरळ काड्यांची जुडी घट्ट बांधता येते, वाकड्या काटक्यांची मोळी सैलच राहते. घट्ट बसलेलं थिजतं, सैल राहिलेलं वाहतं. पहिलं संपृक्त, दुसरं एकल-असंपृक्त, तिसरं बहु-असंपृक्त. बाटलीच्या मागे बारीक अक्षरांत सॅच्युरेटेड, मुफा आणि पुफा असं जे छापलेलं असतं, ते हेच.

निसर्गात यातलं एकही एकटं सापडत नाही. प्रत्येक तेल हे मिश्रण असतं. ऑलिव्ह तेलात साधारण 70 टक्के ओलिक, पण थोडं संपृक्तही असतंच. शेंगदाणा तेलात निम्म्याच्या आसपास ओलिक आणि तिसऱ्या हिश्श्याएवढं लिनोलिक. डुकराच्या चरबीत सगळ्यात जास्त काय असतं, तर तेच 'ऑलिव्हवालं' ओलिक. नेहमीच्या सूर्यफूल तेलात लिनोलिकचं राज्य असतं; पण 'हाय ओलिक' जातीच्या सूर्यफुलाच्या तेलात 80 टक्क्यांच्या घरात ओलिक असतं. म्हणजे एकाच फुलाचं चित्र असलेल्या दोन बाटल्यांत शरीराच्या दृष्टीने दोन अगदी निराळी तेलं. मी आता पुढचं चित्र बघतच नाही, थेट मागची बाजू वाचते. (पुढे 'कोलेस्टेरॉल-फ्री' लिहिलेलं असतं त्याला तर काहीच अर्थ नाही. कोलेस्टेरॉल प्राण्यांच्या पेशी बनवतात. वनस्पती तेलात ते नगण्यच असतं, मग बाटली कुणाचीही असो.)

मेद म्हणजे ग्लिसरॉलला जोडलेली मेदाम्लं, हे शोधून काढलं फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्रुल यांनी. साबणाच्या अभ्यासातून ते तिथवर पोचले आणि 1823 साली त्यांनी प्राणिज चरबीवरचा ग्रंथ छापला. हे गृहस्थ 102 वर्षं जगले. आयफेल टॉवरवर कोरलेल्या 72 नावांत त्यांचं नाव आहे, आणि टॉवर पुरा झाला तेव्हा ते हयात होते.

खाल्लेला मेद पोटात गेल्यावर जे होतं ते मला पिष्टाच्या किंवा प्रथिनांच्या पचनापेक्षा कितीतरी रंजक वाटतं. लहान आतड्यात पित्तरस त्याचे सूक्ष्म थेंब करतो, स्वादुपिंडातलं लायपेज ते तोडतं, आतड्याच्या पेशी तुकडे आत घेतात आणि पुन्हा जोडतात. मग त्यांचे कायलोमायक्रॉन नावाचे गोळे तयार होतात. हे गोळे साखरेसारखे थेट यकृताकडे जात नाहीत. ते लसिकावाहिन्यांत शिरतात, छातीतून वर चढतात आणि गळ्याजवळच्या मोठ्या शिरेत रक्तात मिसळतात. भरपूर मेद असलेल्या जेवणानंतर तीन-चार तासांनी रक्त काढलं तर वर राहणारा द्रव दुधासारखा गढूळ दिसतो. माझ्या एका रिपोर्टवर ट्रायग्लिसराइडचा, म्हणजे रक्तातल्या मेदाचा, आकडा बघून मी घाबरले होते, तेव्हा डॉक्टरांनी पहिलं हेच विचारलं होतं: आदल्या रात्री कधी आणि काय जेवलात?

फक्त लांडी मेदाम्लं हा वळसा टाळतात. 8 आणि 10 कार्बनची मेदाम्लं बरीचशी सरळ यकृताकडे जातात आणि तिथे झटपट जळतात. एमसीटी (मध्यम लांबीच्या मेदाम्लांच्या) तेलाचा जो गाजावाजा आहे तो यांच्यावर बेतलेला आहे, आणि नेमक्या याच ठिकाणी खोबरेल तेलाची जाहिरात हात मारते. खोबरेलातलं मुख्य मेदाम्ल म्हणजे लॉरिक, जवळपास निम्मं. त्याचे कार्बन 12. कागदावर त्याला 'मध्यम' म्हणतात खरं, पण शरीरात त्याचा बराचसा भाग लांब मेदाम्लांसारखा लसिकेतूनच जातो. लॉरिक एलडीएल वाढवतं आणि 'चांगलं' म्हटलं जाणारं एचडीएलही वाढवतं. खोबरेलाचे भक्त एचडीएलचं सांगतात, विरोधक एलडीएलचं. एमसीटीवरचे प्रयोग खोबरेलाच्या नावावर खपवणं मात्र मला साफ चुकीचं वाटतं.

आता एलडीएल. कोलेस्टेरॉल आपलं शरीर स्वतःच बनवतं, खाण्यातून येणारं त्या मानाने थोडं. रक्तातले एलडीएल कण उचलून घेण्याचं काम मुख्यतः यकृताचं, आणि त्यासाठी यकृताच्या पेशींवर खास ग्राही असतात. मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी 1970च्या दशकात ते शोधले आणि 1985 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. संपृक्त मेद जास्त झाला की या ग्राहींचं काम मंदावतं, कण रक्तातच फिरत राहतात. असंपृक्त मेद वाढला की उलट होतं. 1957 साली अँसल कीज आणि 1965 साली मार्क हेगस्टेड या अमेरिकन संशोधकांनी वेगवेगळी समीकरणं मांडली, पण दोघांचा ढोबळ निष्कर्ष एकच निघाला: संपृक्त मेद कोलेस्टेरॉल जेवढं चढवतो त्याच्या साधारण निम्म्याने बहु-असंपृक्त ते उतरवतो. एवढा भाग पक्का आहे. इंटरनेटवर जो गोंधळ चालतो तो याच्या पुढचा आहे.

पुढचा म्हणजे असा. 'मेद कमी करा' हा सल्ला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगभर पसरला, पण मेद काढल्यावर पानात काय आलं हे कुणी नीट पाहिलं नाही. ज्यांच्या पानात साखर आणि मैदा आला त्यांना हृदयाच्या दृष्टीने काही मिळालं नाही. ट्रायग्लिसराइड वाढलं आणि एचडीएल घसरलं. ज्यांच्या पानात असंपृक्त तेलं, दाणे, कडधान्यं, अख्खी धान्यं आली त्यांचा फायदा झाला. मग दोन्ही गटांची सरासरी काढून कुणी म्हणालं, 'संपृक्त मेदाचा हृदयविकाराशी संबंधच नाही.' सरासरी बरोबर होती. प्रश्न अर्धवट होता.

सगळी संपृक्त मेदाम्लंही सारखी नाहीत. स्टिअरिक एलडीएल फारसं वाढवत नाही, कारण शरीर त्यातलं काही ओलिकमध्ये बदलून टाकतं. पामिटिक आणि मिरिस्टिक वाढवतात. त्यात पदार्थाचाही संबंध असतो: तेवढाच दुधातला मेद लोण्याऐवजी चीजमधून घेतला तर एलडीएल कमी वाढतं, असं प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलंय. मला लोणी आवडतं. चीज त्याहून कमी आवडतं. ही माहिती माझ्या फारशी कामाची नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023च्या मार्गदर्शक सूचना म्हणतात, प्रौढांच्या एकूण उष्मांकांपैकी मेदातून 30 टक्क्यांपर्यंत, संपृक्त मेदातून 10 टक्क्यांपर्यंत. 2000 उष्मांकांच्या आहारात हे 10 टक्के म्हणजे साधारण 22 ग्रॅम. मोठ्या चमचाभर तुपात संपृक्त मेद 8-9 ग्रॅम, खोबरेलात 11-12. दोन चमचे खोबरेल आणि दिवसाचा कोटा संपला. आणि चमच्यात कुठलंही तेल असो, ग्रॅमला 9 उष्मांकच. महागडं, घाण्याचं, थंड दाबाचं, सगळ्यांना हाच भाव.

मेद अजिबातच नको, हा विचारही होऊन गेलाय. 1929 साली जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांना पूर्ण मेदमुक्त आहार दिला. बाकी सगळं व्यवस्थित असूनही उंदरांची वाढ थांबली, शेपट्या खवलेदार झाल्या, मूत्रपिंडं बिघडली. लिनोलिक ॲसिड दिल्यावर ते सुधारले. तोवर मेद म्हणजे नुसतं इंधन अशी समजूत होती. माणसात काय होतं हे पाहायला त्यांचे सहकारी विल्यम रेडमन ब्राउन स्वतःच तयार झाले आणि सहा महिने जवळपास मेदमुक्त आहारावर राहिले. 1938 साली तो अहवाल छापून आला. त्यांची त्वचा ठणठणीत राहिली, वर त्यांची जुनी अर्धशिशीही थांबली. यावरून माणसाला लिनोलिकची गरज नाही असं म्हणता आलं असतं, पण खरं कारण पुढे कळलं: प्रौढ माणसाच्या साठवलेल्या चरबीत त्याचा मोठा साठा असतो आणि सहा महिन्यांत तो संपत नाही. ज्यांच्याकडे साठा नव्हता किंवा तो वापरता येत नव्हता, म्हणजे साय काढलेल्या दुधावर वाढवलेली अर्भकं आणि शिरेतून मेदाविना पोषण दिलेले रुग्ण, त्यांची त्वचा उंदरांसारखीच खवलेदार झाली.

या मेदाम्लांपासून पेशींची आवरणं बनतात. आवरण फार ताठ चालत नाही, फार पातळही चालत नाही. सरळ आणि वाकलेल्या साखळ्यांचं प्रमाण शरीर जमेल तसं जुळवत राहतं. थंड प्रदेशातल्या रेनडिअरच्या पायात वरच्या भागातल्या मेदापेक्षा खुराकडच्या भागातला मेद जास्त असंपृक्त असतो, नाहीतर बर्फात पाय रोवून उभ्या जनावराच्या पायातला मेद गोठून गेला असता. ते वाचल्यापासून फ्रिजमध्ये थिजलेल्या बाटलीकडे मी आदराने बघते.

साखळीचा आकार किती महत्त्वाचा, याचा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात क्रूर पुरावा मात्र माणसाने स्वतःच तयार केला. 1901 साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म नॉर्मन यांनी निकेलच्या साहाय्याने पातळ तेलात हायड्रोजन घालून ते घट्ट करण्याची रीत शोधली. स्वस्त तेलापासून टिकाऊ, लोण्यासारखा घट्ट मेद. कारखानदारांना आणखी काय हवं? पण हे काम अर्ध्यावर थांबवलं की काही दुहेरी बंध नाहीसे होण्याऐवजी उलटे फिरतात. बंध शाबूत, वाकण गेलं; यालाच ट्रान्स मेद म्हणतात. ओलिक ॲसिडचं असं रूप म्हणजे इलायडिक ॲसिड. अणू तेच, तितकेच. पण ते वितळतं 45 अंशांच्या आसपास. रासायनिक सूत्र पाहिलं तर असंपृक्त, वागणूक संपृक्तासारखी आणि त्याहून वाईट. (हायड्रोजन पूर्ण घातला तर ट्रान्स उरत नाही, स्टिअरिक बनतं. घोळ सगळा 'अंशतः'मध्ये आहे.)

अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ फ्रेड कुमेरो यांनी 1957 सालीच माणसाच्या ऊतींमध्ये ट्रान्स मेदाम्लं सापडल्याचा निबंध छापला होता. फारसं कुणी लक्ष दिलं नाही. लोण्याला पर्याय म्हणून मार्गारिनची, म्हणजे अशाच घट्ट केलेल्या तेलाची, शिफारस होत होती, आणि कित्येक घरांनी हृदयाच्या काळजीपोटीच ते आणलं. 1990 साली मेन्सिंक आणि कातान या नेदरलँड्समधल्या संशोधकांनी निरोगी माणसांना तीन-तीन आठवडे मोजून आहार दिला आणि दाखवलं की ट्रान्स मेद एलडीएल वाढवतो आणि एचडीएल घटवतोही. संपृक्त मेदसुद्धा हे दोन्ही एकदम करत नाही. मग मात्र चक्रं फिरली. 2003 साली डेन्मार्कने मर्यादा घातली. कुमेरो यांनी 2009 साली, वयाच्या 94व्या वर्षी, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे बंदीचा अर्ज केला. उत्तर येईना म्हणून 2013 साली खटला भरला. 2015 साली प्रशासनाने अंशतः हायड्रोजनयुक्त तेलांची 'सुरक्षित' ही मान्यता काढली. तेव्हा कुमेरो 100 वर्षांचे होते. तेही 102 वर्षं जगले. अँसल कीज 100. मेदाचा अभ्यास केल्याने आयुष्य वाढतं असा निष्कर्ष कुणी काढू नये, तीन माणसांवरून काहीच सिद्ध होत नाही. पण मला गंमत वाटते.

तापवण्याबद्दल थोडंच सांगते. 'स्मोक पॉइंट जास्त ते तेल तळायला चांगलं' हे अर्धंच खरं. धूर कधी निघतो हे बरंचसं तेल किती शुद्ध केलंय यावर ठरतं. डोळ्यांना झोंबणारा अॅक्रोलीन ग्लिसरॉलच्या विघटनातून येतो. पण धुराच्या कितीतरी आधी ऑक्सिजनचं काम सुरू झालेलं असतं, आणि तो हल्ला करतो दुहेरी बंधांच्या आसपास. लिनोलिक ओलिकपेक्षा दहापटीहून अधिक वेगाने खराब होतं, जवसातलं अल्फा-लिनोलेनिक त्याहून वेगाने. चित्रकार रंगात जवसाचं तेल मिसळतात आणि त्याचा कडक पापुद्रा बनतो, ती हीच क्रिया. म्हणून पुफा भरपूर असलेलं तेल कच्चं किंवा हलकं तापवून वापरावं, आणि एकदा तळणाला वापरलेलं कुठलंच तेल पुन्हा पुन्हा कढईत घालू नये. बऱ्याच देशांत तळणाच्या तेलात विघटनाने तयार होणारे ध्रुवीय घटक 25 टक्क्यांच्या आसपास पोचले की ते फेकून द्यावं असा नियम आहे.

जवसाचं नाव निघालंच आहे तर: त्यातल्या ओमेगा-3चं, म्हणजे त्याच अल्फा-लिनोलेनिकचं, मेंदूला आणि दृष्टिपटलाला लागणाऱ्या डीएचएमध्ये रूपांतर शरीर अगदी थोडंच करतं. माशातून किंवा शेवाळाच्या तेलातून ते तयार मिळतं.

सध्या जोरात आहे तो बियांच्या तेलांबद्दलचा धसका. ओमेगा-6 म्हणजे लिनोलिक. त्यातून ॲराकिडोनिक ॲसिड, त्यातून दाह वाढवणारी रसायनं. सबब सूर्यफूल, मका, करडई, सोयाबीन ही सगळी विषं. कागदावर साखळी सरळ दिसते. पण शरीर लिनोलिकचं ॲराकिडोनिक करतं ते मोजून-मापून, आणि माणसांना लिनोलिक वाढवून देणाऱ्या प्रयोगांत दाहाची मोजमापं वाढलेली दिसत नाहीत. समाजमाध्यमांवरच्या त्या व्हिडिओंत हा दुसरा भाग कधी ऐकू येत नाही.

तरी विरोधकांच्या हातात एक भक्कम दाखला आहे, आणि तो मी टाळणार नाही. 1968 ते 1973 या काळात मिनेसोटात मनोरुग्णालयांत आणि एका शुश्रूषागृहात मिळून 9,423 लोकांवर प्रयोग झाला. एका गटाला नेहमीचा आहार, दुसऱ्याला संपृक्त मेदाच्या जागी मक्याचं तेल आणि त्याचं मार्गारिन. संपूर्ण निकाल तेव्हा छापलाच गेला नाही. प्रमुख संशोधक इव्हान फ्रान्झ यांच्या निधनानंतर घराच्या तळघरात कागद आणि चुंबकीय फिती सापडल्या, आणि 2016 साली ख्रिस्तोफर रॅम्सडेन या संशोधकाने त्यांचं नव्याने विश्लेषण केलं. तेलवाल्या गटाचं कोलेस्टेरॉल जवळपास 14 टक्क्यांनी उतरलं होतं. मृत्यू कमी झाले नव्हते. सिडनीत करडईच्या तेलावर झालेल्या जुन्या प्रयोगात तर तेलाच्या गटात मृत्यू जास्त निघाले.

मी हे वाचलं तेव्हा काही काळ माझाही विश्वास डळमळला. मग दुसरी बाजू वाचली. त्या काळच्या मार्गारिनमध्ये ट्रान्स मेद असण्याची दाट शक्यता होती. मिनेसोटातले रुग्ण येत-जात होते. वर्षभर किंवा अधिक काळ हा आहार घेतलेले फक्त 2,355. आणि इथे ब्राउन यांचा सहा महिन्यांचा प्रयोग आठवतो. रक्तातलं कोलेस्टेरॉल तेल बदलल्यावर दोन-तीन आठवड्यांत नव्या पातळीला जातं. चरबीत साठलेलं लिनोलिक निम्मं बदलायलाच जवळपास दोन वर्षं लागतात. 2017 साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने पुरावा पुन्हा तपासला तेव्हा दोन वर्षांहून कमी काळ चाललेले प्रयोग बाजूला ठेवले, ते याच कारणाने. उरलेल्या चार मोठ्या प्रयोगांत संपृक्ताच्या जागी बहु-असंपृक्त तेल आल्याने हृदयविकार साधारण 30 टक्क्यांनी घटला होता.

त्या चारांतला लॉस एंजेलिसचा, निवृत्त सैनिकांवरचा प्रयोग मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो. 846 पुरुष, काहींच्या बाबतीत आठ वर्षांपर्यंत, निकाल 1969 साली. हृदयविकार आणि पक्षाघात तेलाच्या गटात कमी. एकूण मृत्यू दोन्हीकडे जवळजवळ सारखे. तेलांची बाजू घेणारे पहिलं वाक्य उचलतात, विरोधक दुसरं. त्या पुरुषांचं सरासरी वय सुरुवातीलाच 65च्या वर होतं, हे दोघंही सांगत नाहीत. चाळिशीतल्या माणसाने तेल बदललं तर सत्तरीत काय होईल, हे त्यावरून थेट कळत नाही. ते कळायला हजारो माणसांचा स्वयंपाक तीस वर्षं चमच्याने मोजून करावा लागेल, आणि तसा प्रयोग कुणी करणार नाही.